‘ताई, महापौर तुम्हीच व्हा की’

(नागरी स्वराज्य संस्था आणि स्त्रिया या विषयावरील शिबिरात केलेले भाषण. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे: खचत चाललेलं शहर पुन्हा उभं करायचं असेल तर बाईनं महापौरपदासाठी उभं राहावं का? मी सोलापूरची. गेली चौदा-पंधरा वर्षं विडी वळणाऱ्या बायकांमध्ये काम करते. एमएसडब्ल्यू झाले, तेव्हा वाटलं होतं की दोन वर्षं वस्तीत काढू आणि मग कुठेतरी नोकरी धरू. ते राहून गेलं. त्यामुळे मी जे बोलणार आहे ते एका शहराचं आणि एका पडलेल्या उमेदवाराचं बोलणं आहे. हो, मी पडलेली आहे. अनामतही गेली. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत कुणाला उत्सुकता नको.

आमच्या वस्तीत पाण्यावरून भांडण झालं, गटार तुंबलं, दिवाबत्ती गेली, की बायका मला म्हणायच्या, ‘ताई, महापौर तुम्हीच व्हा की.’ मी हसून सोडून द्यायची. एकदा मात्र त्यांना खाली बसवून सांगितलं की बायांनो, महाराष्ट्रात महापौरपदासाठी लोकांपुढे उभंच राहता येत नाही. आधी नगरसेविका व्हायचं. मग मंत्रालयात चिठ्ठ्या निघतात, आणि महापौरपद कुठल्या प्रवर्गाला, बाईला की कुणालाही, ते ठरतं. मग बहुमतवाला पक्ष नाव ठरवतो आणि त्याचे नगरसेवक पक्षादेशाप्रमाणे हात वर करतात. पक्षादेश मोडला तर 1986 च्या कायद्यानं सदस्यत्व जातं. अडीच वर्षं ती खुर्ची. एवढं सगळं ऐकून आमची अक्का म्हणाली, ‘म्हंजे लगीन आपलं, आन् पसंती दुसऱ्याची.’

ही अक्का म्हणजे आमच्या वस्तीतली पद्मशाली समाजाची एक बाई. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. सातवी शिकलेली. घरात तेलुगू, दारात मराठी, मोर्च्यात दोन्ही. दिवसाला आठशे-हजार विड्या वळते आणि वळता वळता अख्ख्या प्रभागाचा हिशोब तोंडपाठ सांगते: कुठला नळ कधी आला, कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुठला मुकादम छाट जास्त काढतो. मी पुस्तकात ‘समुदाय संघटन’ शिकले, अक्काला करताना पाहिलं. हिचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

आता शहराबद्दल थोडं. 1877 साली आमच्याकडे पहिली कापड गिरणी निघाली. मग आणखी निघाल्या, आणि सोलापूर गिरणगाव झालं. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून माणसं आली. आमची चादर देशभर गेली. गिरण्यांच्या जोरावर हे शहर इतकं ताठ मानेचं होतं की 1930 साली सोलापूरच्या नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला, आणि पुढे मे महिन्यात शहरावर मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला फाशी झाली. नगरपालिका म्हणजे फक्त गटारं आणि घरपट्टी, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगितलं.

मग गिरण्या एकामागोमाग बंद पडल्या. माझे वडील साचेवाले होते. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी आधी रिक्षा चालवली, मग रात्रपाळीची राखण. ही गोष्ट आमच्या गल्लीत घरटी एक आहे. पण एक बाजू सहसा कुणी सांगत नाही. गिरण्या बंद झाल्या तेव्हा शहर उपाशी राहिलं नाही, कारण बायका घरात बसून विड्या वळत होत्या. पुरुषाचा पगार थांबला आणि घर बाईच्या सुपावर आलं. तंबाखूचं सूप मांडीवर, लेकरू बाजूला, आणि रात्री अकरापर्यंत हात चालू. शहर कोसळलं असं आपण म्हणतो, पण ते कोसळताना खाली कोण उभं होतं, ते कुठल्याही अहवालात नीट लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

आज सोलापूरची तरणी मुलं सकाळच्या गाडीनं पुण्याला जातात. त्या गाडीचं नाव हुतात्मा एक्सप्रेस. त्या चार जणांच्या आठवणीचं नाव, आणि त्याच गाडीतून गावातली माणसं बाहेर चाललेली.

यावर उपाय म्हणून आमच्याकडे काय काय आलं! जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत सोलापूर आलं. पेढे वाटले. त्यासाठी वेगळी कंपनी स्थापन झाली, तिचं वेगळं संचालक मंडळ. म्हणजे नगरसेवक लोकांनी निवडायचे आणि मोठा पैसा मात्र त्यांच्या सभागृहाबाहेर खर्च व्हायचा. मार्च 2025 ला ती योजना संपलीसुद्धा. 2023 च्या जूनमध्ये विमानसेवेच्या आड येते म्हणून साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली. धूळ बसायच्या आत लोक म्हणायला लागले, आता शहर उडणार. माझा विमानाला विरोध नाही. पण उजनीसारखं धरण जिल्ह्यात असताना ज्या शहरातल्या बाईनं वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी भरलं, तिला शहर उभं राहणं म्हणजे काय हे विचारायला कुणी आलं नव्हतं.

आम्ही विचारलं. 2016 च्या दिवाळीनंतर वस्तीत बैठका घेतल्या. मला वाटलं होतं पाणी पहिलं येईल. पाणी आलंच, पण अक्का आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी दुसरी गोष्ट लावून धरली: बस. चिंचोळीची एमआयडीसी शहराबाहेर, अक्कलकोट रोडची दुसऱ्या टोकाला. गणवेश शिवणारे, टॉवेलचे कारखाने बाया शोधतात. विडीपेक्षा चार पैसे जास्त मिळतात, तंबाखूचा खोकला नाही, बसून बसून कंबर जात नाही. पण जायचं कसं? महापालिकेच्या परिवहनच्या बसगाड्या कमी कमी होत गेल्या. केंद्राच्या योजनेतून आलेल्या कितीतरी गाड्या डेपोत उभ्या राहून गंजल्या. रिक्षाला रोजचे पैसे घातले तर मजुरीतला मोठा वाटा तिथेच संपतो, आणि संध्याकाळी सातनंतर शेअर रिक्षात एकटी बाई बसली की नवरा, सासू, शेजारी सगळे घड्याळ बघतात. अक्काचं म्हणणं सरळ होतं, ‘सकाळी साडेसातला एक आन् सांच्याला साडेसाला एक. दोन बस द्या. निम्मी वस्ती विडी सोडती का न्हाई बघा.’ शहराच्या पुनरुज्जीवनाचा इतका नेमका आराखडा मी कुठल्याही सल्लागार संस्थेच्या रंगीत पुस्तकात वाचलेला नाही.

त्याच बैठकीत ठरलं की येत्या महापालिका निवडणुकीत आपली बाई उभी करायची. कोण, हे विचारायची गरजच नव्हती. अक्का.

अर्ज भरायची वेळ आली आणि अक्का म्हणाली, ‘मला तीन लेकरं हायेत.’ तुम्हाला नियम माहीत आहे. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढवता येत नाही. अक्काची धाकटी मुलगी 2003 ची. दोन मुली झाल्यावर सासरच्यांना मुलगा हवा होता, तिसरीही मुलगीच झाली. तिसऱ्या खेपेला तिला कुणी विचारलं होतं का? घरात जिला नाही म्हणायची सोय नव्हती, तिला कायदा म्हणतो, तू बेजबाबदार, तू उभी राहू नकोस. लोकसंख्या आटोक्यात आणायच्या नावाखाली केलेला हा नियम आमदार-खासदारांना लागू नाही, फक्त गावगाड्याला आणि नगरपालिकांना. याच्यावर आपण संघटना म्हणून जितकं बोलायला हवं होतं तितकं बोललो नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. आरक्षण मिळालं या आनंदात आपण ते गिळून टाकलं. 1990 ला तीस टक्के, मग चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून एक तृतीयांश, 2011 ला निम्म्या जागा. दार मोठं मोठं होत गेलं आणि उंबऱ्यावर कोण अडतंय ते पाहायचं राहिलं.

तर अक्काच्या जागी मी उभी राहिले. माझी लायकी म्हणून नव्हे, मला मूलच नव्हतं म्हणून. त्यावरही प्रचारात टोमणे झाले, ‘जिला स्वतःचं घर नाही ती वार्ड काय सांभाळणार.’ म्हणजे तीन असली तर कायदा आडवा, एक नसलं तर गल्ली आडवी.

फेब्रुवारी 2017. चार सदस्यांचा प्रभाग. अपक्ष बाईसाठी चार सदस्यांचा प्रभाग म्हणजे काय, ते ज्यांनी लढवलं नाही त्यांना सांगते. अ, ब, क, ड अशा चार जागा. मतदाराला चार बटणं दाबायची असतात. पक्षाचे चार उमेदवार एक गाडी, एक पत्रक, एक खर्च करून ‘चारही बटणं एकाच चिन्हावर’ असं सांगत फिरतात. आपली उमेदवार एकाच जागेवर. म्हणून बाईला शिकवावं लागतं की तीन ठिकाणी तुला हवं ते दाब, पण ‘ब’ ला कपबशी दाब. आम्ही पुठ्ठ्याची मतदान यंत्रं बनवली होती. तीस हजारांच्या वर मतदार, चिन्ह मिळाल्यापासून हातात जेमतेम दोन आठवडे, आणि फिरणाऱ्या आम्ही बावीस बायका, त्याही विड्या सांभाळून. शेवटच्या दोन रात्री वस्तीत काय काय वाटलं गेलं ते मी इथे सांगत बसत नाही. तुम्ही सगळ्या जाणता.

हरले याचं दुःख मला पंधरा दिवस झालं. त्यानंतर जे झालं ते अजून टोचतं. आमच्या बावीसपैकी तिघी ज्या कारखान्याची विडी वळत होत्या, तिथे त्यांना पानच मिळेना. ‘पान संपलंय’, ‘उद्या या’. मिळालं तर भिजकं, तुटकं पान, आणि त्याच्या विड्यांत छाट दुप्पट. मुकादम तोंडानं काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. उमेदवार मी होते, पण रोजगार त्यांचा गेला. मला संस्थेचं मानधन दर महिन्याला मिळतच होतं. तिघींपैकी एकीनं मला विचारलं, ‘ताई, तुम्ही पडला, आमी कशाला पडलो?’ सव्वा महिना भांडून ते पान पुन्हा सुरू झालं, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही आणि आजही माझ्याकडे पुरं उत्तर नाही. मात्र तेव्हापासून एक नियम आम्ही केला आहे. निवडणूक लढवायची असेल तर आधी तीन महिन्यांच्या विडीच्या मजुरीएवढा निधी बचत गटात बाजूला ठेवायचा, उमेदवारासाठी नव्हे, तिच्यासाठी फिरणाऱ्या बायकांसाठी. पोस्टरचा खर्च त्यानंतर.

आता तुम्ही म्हणाल, समजा मी निवडून आले असते, समजा चिठ्ठीही बाईची निघाली असती आणि मी महापौर झाले असते, तर बस सुरू झाली असती का? इथे मला जरा कायद्यात शिरावं लागेल. आपल्या महापालिका कायद्यात कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे आहेत, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. अंदाजपत्रक आयुक्त मांडतात, मोठ्या निविदा स्थायी समितीच्या सोळा माणसांपुढे जातात. महापौर सभा चालवतात, पाहुण्यांचं स्वागत करतात, शहराचे पहिले नागरिक म्हणवतात. 1956 साली सुलोचना मोदी मुंबईच्या महापौर झाल्या, 1957 साली तारा चेरियन मद्रासच्या. म्हणजे बाई महापौर होणं ही काही कालची गोष्ट नाही. मला कधी कधी दुष्ट शंका येते की त्या खुर्चीला फारसे अधिकार नाहीत म्हणूनच ती आपल्याला इतक्या सहज मिळते. स्थायी समितीचं सभापतीपद किती बायकांना मिळालं, ते प्रत्येकीनं आपापल्या शहरात मोजून बघा.

त्यात शहराच्या हाती पैसाही राहिला नाही. जकात होती तोवर महापालिकेची स्वतःची रोजची कमाई होती. तिच्या जागी एलबीटी आला, 2015 च्या ऑगस्टमध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, 2017 ला जीएसटी आला, आणि महापालिका दर महिन्याला सरकारच्या अनुदानाची वाट बघणारी झाली. आमच्या बायका या हिशोबाला पटकन समजतात. त्यांच्या घरात तेच असतं: कमाई नवऱ्याच्या हातात, घर चालवायची जबाबदारी बाईची.

मग थेट निवडणूक हवी का? पुष्कळ कार्यकर्त्या ‘हो’ म्हणतात. उदाहरणंही आहेत. जानेवारी 2015 मध्ये छत्तीसगडमधल्या रायगडला (आपल्या कोकणातलं रायगड नव्हे) मधू किन्नर अपक्ष म्हणून थेट महापौरपदी निवडून आल्या. दलित समाजातल्या, रेल्वेत गाणी म्हणून पोट भरणाऱ्या. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला त्यांनी साडेचार हजारांहून जास्त मतांनी हरवलं. पक्षानं तिकीट देऊन त्यांना कधीच त्या खुर्चीवर बसवलं नसतं. डिसेंबर 2022 मध्ये बिहारमधल्या गया शहरात चिंतादेवी थेट निवडणुकीत उपमहापौर झाल्या. चाळीस वर्षं त्याच महापालिकेत सफाईचं काम केलेली बाई, कधीकाळी डोक्यावरून मैला वाहिलेली. मी ती बातमी अक्काला वाचून दाखवली तेव्हा तिनं हातातली विडी खाली ठेवली होती.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. दोन वर्षांनी, डिसेंबर 2024 मध्ये, त्याच चिंतादेवी रस्त्यावर भाजी विकायला बसल्या. बैठकांना बोलावत नाहीत, मानधन देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. लोकांनी निवडून दिलं तरी कार्यालयानं त्यांना आत घेतलं नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. आणि थेट निवडणुकीचा नियम तरी कुठे टिकतो? छत्तीसगडनं तो 2019 ला बंद केला आणि 2025 च्या निवडणुकीला पुन्हा आणला. आपल्याकडे नगरपालिकांच्या नगराध्यक्षांचं तेच. 2001 ला थेट, 2006 ला बंद, 2016 ला पुन्हा थेट, 2020 ला बंद, 2022 ला परत थेट. सत्तेवर जो येतो तो आपल्या सोयीनं नियम फिरवतो. शिवाय थेट निवडून आलेली नगराध्यक्ष एका पक्षाची आणि सभागृह दुसऱ्याचं झालं, की प्रत्येक ठराव अडतो. अशी ओढाताण आपल्यापैकी अनेकींनी जवळून पाहिली आहे.

माझं मत विचाराल तर मला थेट निवडणुकीपेक्षा कोलकात्यासारखी पद्धत बरी वाटते. तिथे महापौर आणि त्यांचं मंडळ कारभार करतं आणि सभागृहाला उत्तर देतं. आपल्याकडेही मुंबई आणि नागपूरला 1998 मध्ये तो प्रयोग झाला होता, वर्षभरात गुंडाळला. एकटी शूर बाई निवडून देऊन शहर उभं राहत नाही. पाच-सहा जणींचं मंडळ, प्रत्येकीकडे एक खातं, आणि आयुक्तांनी त्यांना उत्तर द्यायचं, असं असेल तर बस सुरू होईल. 1989 मध्ये जळगाव जिल्ह्यात विटनेरला शेतकरी संघटनेच्या बायकांनी अख्खी ग्रामपंचायत ताब्यात घेतली होती. तिथेही एकटी सरपंच नव्हती, सगळ्या पंच बायकाच होत्या. तुमच्यातल्या काहींना माझं हे मत पटणार नाही, ते चर्चेत बोलू.

मात्र यातलं काहीच नसलं तर काय होतं तेही आम्ही पाहिलं. 2022 च्या मार्चमध्ये आमच्या महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट 2026 च्या जानेवारीत. मधली जवळजवळ चार वर्षं ना नगरसेवक, ना महापौर, नुसता प्रशासक. ज्या नगरसेवकांना आम्ही एरवी शिव्या घालत होतो ते नसताना काय होतं ते तेव्हा कळलं. पाण्यासाठी मोर्चा नेला तर निवेदन घ्यायला शिपाई पुढे यायचा. बिनअधिकाराची महापौर का होईना, तिच्या दारावर थाप मारता येते. प्रशासकाच्या दाराला आतून कडी असते.

म्हणून आम्ही काय करतो आहोत ते सांगते आणि थांबते. महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकातले पाच टक्के ठेवायचे असतात. ते दर वर्षी कशावर खर्च झाले याचे कागद आम्ही माहितीच्या अधिकारात मागवतो आणि वस्तीत मोठ्यानं वाचतो. दोन बसचं निवेदन आजवर अकरा वेळा दिलंय. 2026 ला आम्ही कुणालाच उभं केलं नाही, कारण फिरणाऱ्या बायकांचा निधी पुरा झाला नव्हता, आणि ठरलेला नियम मोडायचा नाही असं त्या तिघींनीच सांगितलं.

अक्काची धाकटी मुलगी, 2003 ची, बी.कॉम. होऊन पुण्याला नोकरीला होती. मतदार यादीत नावही तिकडेच. या मे महिन्यात ती परत आली. नाव सोलापूरच्या यादीत आणायचा अर्ज दिला आहे आणि जात पडताळणीचाही दिला आहे. कारण राखीव जागेवर निवडून आलेल्या कितीतरी बायकांचं पद त्या एका कागदापायी जातं, आणि शेवटच्या आठवड्यात तो कुणाला मिळत नाही. ज्यांच्या गटात कुणी उभं राहायचा विचार करत असेल त्यांनी तो अर्ज आजच भरावा. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून सुरुवात होते, वेळ लागतो. नमुना मी बरोबर आणला आहे, मागच्या टेबलावर प्रती ठेवल्या आहेत.

आता तुमचे प्रश्न घेऊया.